ब्रायटनचे आरोग्याधिकारी

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात रोगजंतू शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना मानाचे पान मिळते. गटारे, विहिरी आणि कोंदट खोल्या तपासणाऱ्या नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याची आठवण क्वचितच निघते. सर आर्थर न्यूजहोम हे या दुसऱ्या वर्गातील अग्रणी होत.

१८५७ साली यॉर्कशायरमधील हॉवर्थ येथे त्यांचा जन्म झाला. ब्राँटे भगिनींच्या या गावाची १८५० मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा दूषित पाणी आणि अकाली मृत्यू यांचे विदारक चित्र उघड झाले होते.

१८८८ मध्ये न्यूजहोम ब्रायटनचे आरोग्याधिकारी झाले व वीस वर्षे त्या पदावर राहिले. हवापालटासाठी समुद्रकिनारी येणाऱ्या पाहुण्यांवर जगणाऱ्या शहराला रोगाची वाच्यता परवडत नसते. शिवाय आरोग्याधिकाऱ्याची नेमणूक नगरपरिषदेच्याच हाती. तरीही विषमज्वराच्या रुग्णांची कसून चौकशी करून त्यांनी दाखवून दिले, की पुष्कळांनी सांडपाण्याने दूषित झालेल्या खाडीतील कालवे व शिंपले खाल्ले होते. नगरपालिकेच्या साथरोग रुग्णालयात क्षयरोग्यांना काही आठवडे ठेवण्याची सोयही त्यांनी केली. थुंकीची विल्हेवाट लावण्यास शिकूनच रुग्णाने घरी परतावे, हा त्यामागील हेतू होता.

१९०८ मध्ये ते लंडनच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाचे वैद्यकीय अधिकारी झाले. दुबळी मुले दगावणे हा निसर्गनियमच होय, हे मत त्यांनी अहवालांतून खोडून काढले. बालमृत्यूचे प्रमाण हा शहराच्या कारभाराचाच मापदंड मानला.

मात्र १९१८ च्या उन्हाळ्यात इन्फ्लुएंझाविषयी तयार केलेले सूचनापत्र त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांना धाडलेच नाही. युद्धकार्य खंडित होता कामा नये, असे समर्थन त्यांनी पुढे केले. त्या साथीत इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे २ लाख माणसे दगावली. सूचनापत्राने त्यांतील किती वाचली असती, हे सांगता येणार नाही. परंतु ब्रायटनमध्ये शहराची गैरसोय न पाहता सत्य सांगणाऱ्या अधिकाऱ्याने राजधानीत राष्ट्राच्या सोयीसाठी मौन पत्करले, ही विसंगती बोचल्यावाचून राहत नाही.

१९४३ मध्ये न्यूजहोम निवर्तले. आरोग्याधिकाऱ्याचे खरे कर्तव्य सत्तेला नकोशी वाटणारी वार्ता वेळेवर सांगणे हेच होय. त्यांच्या यशाने आणि अपयशानेही तेच सिद्ध केले आहे.