मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व त्यांचे ग्रंथ

आपल्या मोरिवलीजवळून, अंबरनाथावरून, जाणारा लोहमार्ग पुढे कर्जत, खंडाळा व खडकी ह्या वाटेने पुण्यास पोहोचतो. तेथे मुळा व मुठा ह्या नद्यांचा संगम आहे. इ. स. १८१७ साली ह्या संगमावर इंग्रज रेसिडेंटाचा बंगला होता, व त्यात एका स्कॉटिश गृहस्थाने आवडीने जमविलेला मोठा ग्रंथसंग्रह होता. ते गृहस्थ म्हणजे मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होत.

त्यांचा जन्म ता. ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडात एका उमराव घराण्यात झाला. ते सात वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, १७८६ साली, त्याच देशातील रॉबर्ट बर्न्स ह्या शेतकरी कवीचा पहिला काव्यसंग्रह किल्मार्नक येथे छापून निघाला. त्याच्या प्रती अवघ्या ६१२ होत्या व किंमत तीन शिलिंग होती. त्या काळी पुस्तके बहुधा साध्या कागदी वेष्टनात विकली जात. मग ज्याच्या पदरी पैसा असे तो ती आपल्या आवडीप्रमाणे वासराच्या किंवा बकऱ्याच्या कातड्यात बांधवून घेई. अशा जुन्या प्रती संग्राहक आज फार मोठी किंमत देऊन घेतात. ग्रंथ ही वस्तू किती दुर्मिळ व जपून ठेवण्याजोगी मानली जात असे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

एल्फिन्स्टन शाळेत फार काळ राहिले नाहीत. सोळाव्या वर्षीच त्यांस कंपनीच्या चाकरीसाठी घर सोडावे लागले व १७९६ साली ते कलकत्त्यास उतरले. त्यांचे खरे शिक्षण त्यानंतर झाले, व ते ग्रंथांनीच केले. दिवसाचे काम आटोपल्यावर ते ग्रीक, लॅटिन व फारशी कवी वाचीत. छावणीतही त्यांचे वाचन सुटले नाही. १८०३ साली असईच्या लढाईत ते हजर होते. पुढे नागपूरचे रेसिडेंट झाले. १८०८ साली काबूलच्या दरबारी वकील म्हणून निघाले व त्या देशाविषयी त्यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला. १८११ पासून ते पुण्यास होते.

१८१७ च्या जून महिन्यात त्यांनीच बाजीराव पेशव्यांवर कडक तह लादला होता. त्याचा सल पुण्यात होताच. ता. ५ नोव्हेंबर रोजी युद्ध पेटले. एल्फिन्स्टन नदी ओलांडून खडकीच्या पलटणीकडे निघून गेले, आणि मागे संगमावरील बंगल्यास पेशव्यांच्या लोकांनी आग लाविली. अनेक वर्षे जमविलेले ग्रंथ एका दिवसात भस्मसात झाले. ज्याने कधी एखादे पुस्तक प्रेमाने सांभाळिले असेल, त्यास हे दुःख सांगावे लागणार नाही.

ता. १७ रोजी पुणे इंग्रजांच्या हाती पडले. सूड उगविण्याची संधी आता त्यांच्या हातात होती. परंतु शहर लुटले जाऊ नये म्हणून एल्फिन्स्टन ह्यांनी कसोशीने प्रयत्न केला. विद्वान ब्राह्मणांस मिळणाऱ्या दक्षिणेचा पैसा त्यांनी बंद केला नाही, आणि ते मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२१ साली, पुण्यातील विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जिंकलेल्या लोकांची मने वळविण्याचा हेतु ह्यात नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्यांच्या राजधानीत आपले ग्रंथ जळाले, त्यांच्याच ग्रंथांस आश्रय देणे हे सामान्य मनाचे काम नव्हे.

१८१९ ते १८२७ पर्यंत ते गव्हर्नर होते. १८२२ साली मुंबईत शाळा व शालोपयोगी पुस्तके ह्यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिला त्यांचा भक्कम आधार होता. १८२३ च्या डिसेंबरातील आपल्या शिक्षणविषयक टिपणीत त्यांनी देशी शाळा वाढवाव्या, त्यांस पुस्तके पुरवावी व देशभाषांत ज्ञानाचे ग्रंथ रचून छापावे, असे सुचविले. त्याच मंडळीचे चिटणीस सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली मराठी मुलांच्या हाती आले. मात्र ह्याच टिपणीत, कनिष्ठ मानलेल्या जातींस प्रथम शिकविल्यास वरचे वर्ग शिक्षणापासून दूर राहतील, अशी भीतीही त्यांनी दाखविली आहे. हा त्यांच्या उदारतेतील उणेपणा होय. जे दार त्यांनी अर्धे उघडिले, ते सर्वांस मोकळे करण्यास पुढे जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्यासारखी माणसे यावी लागली.

१८२७ साली ते निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. पण ते शिक्षणासाठी. त्यांतून जी विद्यासंस्था वाढली, तिच्यात दादाभाई नौरोजी शिकले व पुढे त्यांनी तेथेच अध्यापन केले. एल्फिन्स्टन ह्यांस गव्हर्नर-जनरलचे पद दोन वेळा देऊ करण्यात आले; दोन्ही वेळा त्यांनी नाकारिले व आपल्या ग्रंथांत रमणे पसंत केले. त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास १८४१ साली प्रसिद्ध झाला. ता. २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडातील सरे परगण्यात त्यांनी देह ठेविला.

कातड्याच्या सुंदर बांधणीतील ग्रंथही आगीपुढे, वाळवीपुढे व पावसाळी हवेपुढे टिकत नाहीत. परंतु साध्या पुठ्ठ्याचे शाळेतील पुस्तक मुलाने वाचिले, धाकट्या भावंडास दिले व त्यानेही वाचिले, म्हणजे त्यातील विद्या जळत नाही. पालकांनी वर्षाअखेर मुलांची जुनी पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी एवढे ध्यानात आणावे, म्हणजे ह्या चरित्राचे सार्थक झाले.