पाण्याचा नकाशा काढणारी रसायनतज्ज्ञ

पाणी नितळ दिसते, वास येत नाही, चवही चांगली लागते. म्हणजे ते पिण्याजोगे आहे, असा समज आजही अनेक घरांत असतो. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही तो होता. कारखान्यांची गावे वाढत होती, त्यांचे सांडपाणी नदीत जात होते आणि खालच्या अंगाची गावे त्याच नदीचे पाणी पीत होती. विषमज्वर म्हणजे टायफॉइडने दरवर्षी माणसे दगावत. पाण्यात काय आहे हे डोळ्यांनी न ठरवता मोजून ठरवायला हवे, यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत एलन स्वॅलो रिचर्ड्स यांचे नाव आघाडीवर आहे. पर्यावरणशास्त्र नावाची शाखा कोणत्याही विद्यापीठात नसताना त्यांनी त्या शास्त्राचे काम उभे केले. तेही बाईमाणसाला प्रयोगशाळेचे दार बंद असण्याच्या काळात.

एलन यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसेच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षक होते. एलन हे त्यांचे एकुलते एक अपत्य. वडील शेती करत. पुढे त्यांनी दुकान काढले. मुलीचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. शाळा संपल्यावर तिने दुकानात हिशेब ठेवले, शिकवण्या घेतल्या, आजारी आईची शुश्रूषा केली. पुढे शिकायची इच्छा होती, पण मुलींना घेणारी चांगली महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि पैसाही नव्हता. पै पै जमवून १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसार या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तिथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल यांनी त्यांना बारकाईने निरीक्षण करायला शिकवले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स फॅरार यांच्याकडून एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली, ती म्हणजे विज्ञानाचा उपयोग रोजच्या जगण्यातले प्रश्न सोडवण्यासाठी व्हायला हवा. आकाश की रसायन, या निवडीत त्यांनी रसायन पत्करले.

१८७० मध्ये पदवी मिळाली, पण नोकरीचा पत्ता नव्हता. बोस्टनमधल्या एका रसायन-विश्लेषक कंपनीकडे त्यांनी उमेदवारीसाठी अर्ज केला. जागा नाही, त्याऐवजी नव्या तंत्रज्ञान संस्थेत प्रयत्न करा, असे उत्तर आले. ही संस्था म्हणजे आजची जगप्रसिद्ध एमआयटी. तिथे तोवर एकाही स्त्रीला प्रवेश मिळालेला नव्हता. एलन यांना तो मिळाला, पण ‘विशेष विद्यार्थिनी’ म्हणून आणि विनाशुल्क. ही आपल्या परिस्थितीची दखल घेऊन दिलेली सवलत आहे, असे त्यांना वाटले. खरे कारण नंतर कळले. कुणी तक्रार केलीच, तर ही बाई आमची विद्यार्थिनीच नाही असे सांगता यावे, म्हणून शुल्क घेतलेले नव्हते.

पुढच्याच वर्षी रेल्वेच्या अपघातात वडील गेले. तरीही शिक्षण थांबले नाही. पुरुषांच्या प्रयोगशाळेत आपली अडचण कुणाला वाटू नये, म्हणून एलन सुई-दोरा, टाचण्या जवळ ठेवत. कुणाचे बोट कापले तर पट्टी बांधून देत, टेबले आवरत. आज हे वाचून राग येईल. पण हळूहळू त्यांच्या अचूक विश्लेषणाची ख्याती झाली आणि प्राध्यापक स्वतःचे नमुने तपासायला त्यांच्याकडे देऊ लागले. १८७३ मध्ये त्यांना एमआयटीची पदवी मिळाली. संस्थेची पदवी मिळवणारी ही पहिली स्त्री. डॉक्टरेटसाठी लागेल तेवढे काम करायची त्यांची तयारी होती. ती पदवी मात्र संस्थेने त्यांना कधीच दिली नाही.

१८७५ मध्ये खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतरची सहल म्हणजे रॉबर्ट यांच्या विद्यार्थ्यांबरोबर नोव्हा स्कॉशियातील खाणींचा अभ्यासदौरा होता. नवरी पायात जाड बूट घालून त्यात सामील झाली. त्यांचे जमैका प्लेन येथील घर हीदेखील एक प्रयोगशाळाच होती. धूळ धरणारे जड पडदे आणि गालिचे काढले गेले, हवा खेळती राहील अशी सोय झाली, स्वयंपाकासाठी कोळशाऐवजी गॅस आला आणि विहिरीचे पाणी नियमित तपासले जाऊ लागले.

स्वतःला मिळालेले अर्धवट उघडे दार इतरांसाठी पूर्ण उघडावे, हे एलन यांचे पुढचे काम. त्यांच्या प्रयत्नांतून १८७६ मध्ये एमआयटीत स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. त्या तिथे बिनपगारी शिकवत, शिवाय दरवर्षी सुमारे एक हजार डॉलर पदरचे घालत. शिक्षिका आणि गृहिणी तिथे रसायनशास्त्र शिकू लागल्या. याच काळात राज्याच्या आरोग्य मंडळासाठी एलन यांनी किराणा मालाची तपासणी केली. दालचिनीच्या पुडीत लाकडाचा भुसा निघाला. भेसळीवरचे त्यांचे पुस्तक १८८५ मध्ये आले. त्याआधी १८८३ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र प्रयोगशाळा बंद झाली, कारण आता मुलींना इतर विद्यार्थ्यांबरोबर प्रवेश मिळू लागला होता. हा विजयच होता, पण त्या विजयाने एलन यांचे स्वतःचे काम मात्र गेले.

ते फार काळ रिकामे राहिले नाही. १८८४ मध्ये एमआयटीने आरोग्य-रसायनशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि एलन यांना तिथे निदेशिका नेमले. पाणी, हवा आणि सांडपाणी यांचे विश्लेषण हा त्यांचा विषय. १८८७ मध्ये आरोग्य मंडळाने राज्यातल्या सगळ्या पाणवठ्यांची पाहणी हाती घेतली. मुख्य जबाबदारी प्राध्यापक थॉमस ड्राउन यांच्याकडे होती. प्रयोगशाळेतले रोजचे काम एलन यांच्याकडे. नद्या, तळी, विहिरी, नळ अशा सर्व ठिकाणचे नमुने येऊ लागले. हा आकडा पुढे २० हजारांच्या वर गेला. इतक्या मोठ्या प्रदेशाच्या पाण्याची इतकी पद्धतशीर तपासणी त्याआधी अमेरिकेत झालेली नव्हती.

या आकड्यांच्या ढिगातून जे निघाले ते ‘नॉर्मल क्लोरीन नकाशा’ या नावाने ओळखले जाते. इथे क्लोरीन म्हणजे पाणी शुद्ध करायला घालतात ते औषध नव्हे. साध्या मिठातला क्लोराइड हा घटक त्यात अभिप्रेत आहे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात आणि पावसात मिठाचा अंश असतो. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या स्वच्छ पाण्यातही क्लोराइड जास्त सापडते आणि आत जावे तसे ते कमी होत जाते. सारख्या क्लोराइडची ठिकाणे जोडली, की किनाऱ्याला साधारण समांतर अशा रेषा तयार होतात. कोणत्या गावी नैसर्गिक प्रमाण किती असायला हवे, हे त्या रेषांवरून कळते.

आता एखाद्या विहिरीत त्या जागेच्या नैसर्गिक प्रमाणापेक्षा क्लोराइड बरेच जास्त निघाले, तर ते आले कुठून? माणसाच्या मूत्रात आणि घरातल्या सांडपाण्यात मीठ असते. जमिनीतून झिरपताना सांडपाण्याचा रंग आणि वास जातो, बरेच जंतूही अडतात. क्लोराइड मात्र अडत नाही. म्हणून नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते शौचखड्ड्याची किंवा गटाराची चाहूल देते. त्याच्या जोडीला अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजले, की प्रदूषण ताजे आहे की जुने, याचाही अंदाज येतो. घाण नुकतीच मिसळली असेल तर अमोनिया जास्त दिसतो. काळ जाईल तसे त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते.

हीच रीत महाराष्ट्रात लावून पाहिली तर तिचे मर्म चटकन कळते. कोकणात खाडीलगतच्या विहिरीला मचूळ पाणी लागते, त्यामागे समुद्र असतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारे आहे. तिथला आकडा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या झऱ्यात निघाला, तर मात्र तो धोक्याची सूचना ठरेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. पण आकडा मर्यादेत असला, तरी त्या गावाचे नेहमीचे प्रमाण काय आणि ते अचानक का वाढले, हे विचारावेच लागते. क्लोराइडवरून जंतू आहेत की नाहीत हे ठरत नाही. त्यासाठी जंतुतपासणी वेगळी करावी लागते.

पाहणी चालू असतानाच मेरिमॅक नदीकाठी लॉरेन्स येथे आरोग्य मंडळाचे प्रयोग केंद्र उभे राहिले. वरच्या अंगाच्या लोवेल शहराचे सांडपाणी नदीत आणि तेच पाणी लॉरेन्सच्या नळाला, अशी तिथली स्थिती होती. १८९०-९१ मध्ये दोन्ही शहरांत विषमज्वराची साथ आली. एलन यांचे एमआयटीतले सहकारी विल्यम सेजविक यांनी तिचा माग सांडपाण्यापर्यंत काढला. १८९३ मध्ये लॉरेन्सला वाळूचा गाळणी प्रकल्प सुरू झाला आणि विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. एमआयटीने १८९० च्या सुमारास आरोग्य अभियांत्रिकीचा अभ्यासक्रमही सुरू केला. त्यातल्या विद्यार्थ्यांना पाणी, हवा आणि सांडपाण्याचे विश्लेषण एलन शिकवत. हे तरुण पुढे शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आणि आरोग्याच्या कामांवर रुजू झाले. पर्यावरणातील नोकरी म्हणजे काय, हे ठरवणाऱ्या पहिल्या पिढ्यांपैकी ही एक.

त्यांचे सगळेच प्रयोग जमले असे नाही. १८९० मध्ये त्यांनी मेरी हिनमन एबल यांच्या साथीने बोस्टनमध्ये गरिबांसाठी स्वस्त, पौष्टिक अन्नाचे स्वयंपाकघर काढले. अन्न शास्त्रशुद्ध होते. पण वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कामगारांना स्वतःच्या चवीचे जेवण हवे होते. गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही. मात्र त्याच स्वयंपाकघरातून पुढे बोस्टनच्या माध्यमिक शाळांना दुपारचे जेवण जाऊ लागले.

जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६६ मध्ये घडवलेला ‘इकॉलॉजी’ हा शब्द एलन यांनी १८९२ मध्ये बोस्टनच्या एका सभेत मांडला. त्यांच्या लेखी त्यात माणसाचे घर, अन्न, हवा, पाणी असे सारे परिसर येत होते. जीवशास्त्रज्ञांनी तो शब्द वनस्पती आणि प्राण्यांच्या अभ्यासासाठी घेतला. एलन यांच्या कल्पनेला १८९९ पासून लेक प्लॅसिड येथील परिषदांत ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव मिळाले. १९०८ मध्ये या विषयाची अमेरिकन संघटना स्थापन झाली आणि एलन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपल्याकडच्या महाविद्यालयांतला गृहविज्ञान हा विषय त्याच घराण्यातला. तो केवळ पाककृतींचा विषय मानला जातो, पण त्याच्या मुळाशी पाणी आणि हवा तपासणारी एक रसायनतज्ज्ञ आहे.

१९१० मध्ये स्मिथ महाविद्यालयाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तोवर एमआयटीतल्या त्यांच्या नोकरीला २७ वर्षे होत आली होती. प्राध्यापकपद त्यांना मिळाले नाही; शेवटपर्यंत त्या निदेशिकाच राहिल्या. पण ज्या पाण्यावर त्यांनी काम केले ते पिणाऱ्या शहरांत विषमज्वर ओसरत गेला. आज जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत गावच्या विहिरीची बाटली येते, तेव्हा तपासणीच्या तक्त्यात क्लोराइड आणि नायट्रेटचे रकाने असतात. तो तक्ता मागून घेणे आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहणे, एवढे कोणत्याही गावाला करता येण्यासारखे आहे.