कातडी कमावणाऱ्याचा मुलगा : लुई पाश्चर

दुधाला विरजण लावले की सकाळी दही होते. आंबोळीचे पीठ रात्रीतून फुगून येते. उसाचा रस फार वेळ ठेवला तर आंबतो. या गोष्टी आपल्या घरोघरी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. पण त्या का घडतात, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न चिकाटीने विचारणारे एक शास्त्रज्ञ फ्रान्समध्ये होऊन गेले. ते म्हणजे लुई पाश्चर. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस शोधणारे म्हणून शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख होते. परंतु त्या लशीच्या जवळजवळ तीस वर्षे आधी त्यांनी आंबण्याचे, म्हणजेच किण्वनाचे, कोडे हाती घेतले होते.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी डोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात होते. परतल्यावर ते कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुईचे बालपण आर्ब्वा या लहानशा गावात गेले. अभ्यासात तो प्रथम चारचौघांसारखाच होता. चित्रे मात्र सुरेख काढी. आईवडिलांची त्याने रंगवलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. १८३८ साली त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले, पण घरच्या आठवणीने तो इतका खंगला की वडील जाऊन त्याला परत घेऊन आले. पुढे बझांसों येथे लहान मुलांवर देखरेख करण्याचे काम करीत त्याने शिक्षण चालू ठेवले. १८४२ साली विज्ञानाची परीक्षा तो उत्तीर्ण झाला, तेव्हा रसायनशास्त्रात त्याला ‘सामान्य’ असा शेरा मिळाला. त्याच वर्षी पॅरिसच्या एकोल नॉर्मालच्या प्रवेश परीक्षेत त्याचा क्रमांक पंधरावा लागला. तेवढ्यावर समाधान न मानता त्याने प्रवेश नाकारला आणि पुढच्या वर्षी चौथा क्रमांक मिळवून तो आत गेला.

ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी आजवर कोणी चढली नव्हती, अशा आम्हा मुलांना हा भाग फार जवळचा वाटतो. घरचे विचारतात, शिकून पुढे काय करणार? आणि कॉलेजात आल्यावर आपल्यालाच वाटू लागते की घरचा धंदा आणि पुस्तकातली विद्या यांचा काही संबंध नाही. पाश्चर यांच्या आयुष्याने या दोन्ही प्रश्नांना उत्तर दिले आहे.

१८५४ साली लील या औद्योगिक शहरातील नव्या विज्ञान विद्याशाखेचे ते प्रमुख झाले. विद्यार्थ्यांनी नुसती व्याख्याने ऐकू नयेत, स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, असा त्यांचा आग्रह असे. ते विद्यार्थ्यांना घेऊन कारखाने पाहायला जात. १८५६ साली त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील, बिगो, अडचणीत सापडले. बिटाच्या रसापासून अल्कोहोल बनवण्याचा त्यांचा कारखाना होता आणि काही पिंपांतला रस नासून आंबट होत होता. प्राध्यापकमहाशय स्वतः कारखान्यात गेले, रसाचे नमुने आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. चांगल्या रसात यीस्टचे गोल कण दिसले; नासलेल्या रसात लॅक्टिक आम्ल होते आणि अगदी बारीक, निराळेच जीव होते.

यीस्ट सजीव असते, हे काही संशोधकांनी त्याआधीच म्हटले होते. पण लीबिग यांच्यासारखे मातब्बर रसायनशास्त्रज्ञ ते मानीत नसत. कुजणाऱ्या पदार्थामुळे साखरेचे विघटन होते, एवढेच त्यांचे म्हणणे. पाश्चर यांनी साखर, अमोनियाचा क्षार आणि यीस्टची राख एवढ्यावरच यीस्ट वाढवून दाखवले. कुजणारे काही त्यात नव्हतेच, तरी किण्वन झाले. १८५७ साली त्यांनी लॅक्टिक किण्वनावरील निबंध वाचला. प्रत्येक किण्वनामागे विशिष्ट सूक्ष्मजीव असतो, हा विचार त्यातून पुढे आला. १८६१ साली तर हवेवाचून जगणारे जीवही असतात, हे त्यांनी दाखवले. दारू साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत तापवली तर नासत नाही, हा शोध त्यानंतरचा. आज दुधाच्या पिशवीवर दिसणारा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तिथूनच आला. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष वाटेल, की याच काळात पॅरिसच्या चित्रकला विद्यालयातही ते शिकवीत.

घरी मात्र दुःखावर दुःख कोसळत होते. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यांतल्या दोघी विषमज्वराने. १८६८ साली अर्धांगाचा झटका येऊन त्यांची डावी बाजू अधू झाली. तरीही काम थांबले नाही. रेबीजवरची १८८५ सालची लस त्यानंतरची आहे. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

पाश्चर यांचा प्रत्येक शब्द अखेरचा ठरला असे नाही. १८९७ साली बुखनर यांनी यीस्ट चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होते हे दाखवले, आणि त्या पेशींतल्या एन्झाइमांचे महत्त्व कळले. पाश्चर यांच्या वह्या पुढे अभ्यासकांना पाहायला मिळाल्या, तेव्हा १८८१ च्या मेंढ्यांवरील जाहीर प्रयोगात त्यांनी वापरलेली लस लोक समजत होते त्याहून वेगळ्या पद्धतीने बनवलेली होती, हेही उघड झाले. थोर माणूसही माणूसच असतो.

त्यांचे ऋण महाराष्ट्रावरही आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली. १९५४ साली पिंपरीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार झाले, तेही किण्वनानेच. एवढे मोठे शास्त्र उभे राहिले त्याचा एक धागा एका विद्यार्थ्याच्या बापाच्या नासलेल्या पिंपापर्यंत जातो. प्राध्यापकाने ते पिंप आपल्या विद्वत्तेला कमीपणा आणणारे मानले नाही. आपणही शिकून बाहेर पडू, तेव्हा आपल्या माणसांचे प्रश्न हलके मानू नयेत, एवढे जरी या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.