ताराबाईंच्या छात्राध्यापिका वाड्यावर का गेल्या?

गेल्या पंधरवड्यात आमच्या वस्तीतल्या दोन मुली माझ्या घरी आल्या. दोघीही बारावी पास. एका खासगी संस्थेत बालवाडी शिक्षिकेचा वर्षाचा कोर्स करतात. एकीची आई धुणीभांडी करते, दुसरीचे वडील हमाल आहेत. फी हप्त्याने भरली आहे. कोर्समध्ये सराव पाठ असतात आणि त्यासाठी संस्थेने त्यांना एका इंग्रजी नर्सरीत पाठवले. तीन आठवडे झाले, पण मुलांपुढे उभे राहायला एकदाही मिळाले नाही. तक्ते रंगवा, चपला ओळीत लावा, मुलांना संडासला न्या, एवढेच. आमच्याच वस्तीत अंगणवाडी आहे, तिथे सराव केला तर चालेल का, असे त्यांनी संस्थेला विचारले. अंगणवाडी आम्ही धरत नाही, असे उत्तर मिळाले. ताई, कायद्यात असे कुठे लिहिले आहे का, हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या होत्या.

कायद्याचे नंतर बघू. अंगणवाडी हा शब्द ऐकला आणि मला ताराबाई मोडक आठवल्या. या दैनिकाच्या काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. सावित्रीमाई, फातिमा शेख, मुक्ता साळवे यांच्यावर अजून पुरेसे लिहून झालेले नाही, तोवर पद्मभूषण मिळालेल्या, गांधीमार्गी, ब्राह्मण घरातल्या बाईंवर इथे कशाला? आक्षेप रास्त आहे. तरीही वाचकहो, लेख पुरता वाचा आणि मग काय बोलायचे ते बोला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई बालविधवा होत्या आणि सदाशिवरावांशी त्यांचा पुनर्विवाह झाला होता. सनातन्यांच्या दृष्टीने हे घरच बाटलेले. त्या घरात मुलगी शिकली आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. पुढच्या वर्षी ताराबाईंचे लग्न अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झाले. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. नवऱ्यापासून वेगळे होणाऱ्या हिंदू स्त्रीला काय सोसावे लागे, हे हिंदू कोड बिलाचा इतिहास वाचलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या बिलाचे मातेरे झाले म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले ते १९५१ साली, म्हणजे यानंतर तीस वर्षांनी.

ताराबाई राजकोटला गेल्या आणि बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती, पगारही बरा होता. पण शेजारी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर १९२० पासून चालू होते. गिजुभाई मूळचे वकील. काळा कोट उतरवून ते लहान मुलांत जाऊन बसले. (आमच्या बाररूममध्ये हे सांगितले तर हसतील.) १९२३ साली ताराबाई नोकरी सोडून भावनगरला आल्या.

गिजुभाईंचे काम मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीवर उभे होते. मॉन्टेसरीबाईंनी पहिले बालगृह १९०७ साली रोममध्ये उघडले, ते सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत. आईबाप कामावर जात आणि पोरे जिन्यात, रस्त्यात उंडारत, त्या पोरांसाठी ते होते. पण मजुरांच्या पोरांसाठी जन्मलेली ही पद्धत भारतात आली आणि बंगलेवाल्यांची झाली. साधने महाग, फी जास्त. आजही मॉन्टेसरी ही पाटी झोपडपट्टीत दिसत नाही.

हा उलटा प्रवास ताराबाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. १९२६ साली गिजुभाईंबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. शिक्षणपत्रिकेतून आईबापांना, शिक्षकांना समजेल असे लिहिले. मुलाला मारू नका, भीती घालू नका, त्याच्या हाताला काम द्या, हे त्या काळात नवीनच होते. बालशिक्षकांसाठी अध्यापन वर्ग चालवले. १९३६ साली दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. आपल्या राजगृहाची हीच ती वसाहत. पण तिथली मुले पांढरपेशांची, आणि शिकायला येणाऱ्या शिक्षिकाही बहुतेक त्याच घरांतल्या. छात्राध्यापिका वर्गात शिकायच्या आणि शेजारच्या खोलीत सराव करायच्या. मुले धुतलेली, जेवलेली, वेळेवर येणारी.

१९४५ च्या डिसेंबरात ताराबाई बोर्डीला गेल्या. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. बोर्डी डहाणू तालुक्यात, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, अगदी समुद्रकाठी. आचार्य भिसे यांचे शैक्षणिक काम तिथे आधीपासून होते. ताराबाईंच्या बरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. त्याच वर्षी त्याच भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठीविरुद्ध उठले होते. आणि त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. एकाच वर्षी वारली वेठ मोडायला उठले, बाबासाहेब कॉलेजे काढायला निघाले आणि ताराबाई तीन वर्षांच्या पोरांकडे वळल्या. आपण पहिल्या दोहोंचा इतिहास सांगतो. तिसऱ्याकडे आपले दुर्लक्ष झाले.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. बालवाडी तयार, शिक्षिका तयार, गाणी तयार. पण अस्पृश्यांच्या वाड्यावरची मुले आलीच नाहीत. कशी येतील? मोठ्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड, आई मजुरीला, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातून चालत जाताना कोण काय बोलेल याची धास्ती वेगळीच. असे झाले की आपल्याकडे कार्यकर्ते एक अहवाल लिहितात आणि पालकांमध्ये जागृती नाही असे त्यात टाकून मोकळे होतात. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वाड्यावर नेली. कुणाच्या तरी घरापुढचे अंगण, हीच शाळा. त्यावरून अंगणवाडी हे नाव पडले.

मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. अंगणात कोण गेले? शिकाऊ शिक्षिका गेल्या. सराव पाठ बालवाडीच्या लिंपलेल्या ओसरीवर होण्याऐवजी वाड्यावरच्या अंगणात होऊ लागले. मुलांना गोळा करायचे, आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणे, गोष्ट आणि खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधने इथे कुठून येणार? मग शिंपले, चिंचोके, खडे, पाने, माती. मोजायला शंख आणि रंग ओळखायला फुले. ज्या मुलीने जन्मात अस्पृश्याचे पोर मांडीवर घेतले नव्हते, तिला ते घ्यावे लागले, आणि तेही परोपकार म्हणून नव्हे, अभ्यासक्रम म्हणून. हे टाळून ती शिक्षिका होऊ शकत नव्हती.

माझ्याकडे आलेल्या मुलींनाही संडासाचेच काम मिळाले, मग फरक काय, असे कोणी विचारेल. बोर्डीत ते काम शिक्षिकेचे होते आणि ते शिक्षण मानले जात होते. आजच्या नर्सरीत ते बाईचे काम आहे, आणि शिकायला आलेल्या वस्तीतल्या मुलीला बघताच ते तिच्या गळ्यात पडते. पाठ घेणारी मॅडम त्या पोराला हात लावत नाही. श्रमाची आणि श्रमिकांची विभागणी यावर बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात जे मांडले, ते तीन वर्षांच्या मुलांच्या शाळेतही असे दिसते.

ताराबाईंची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. त्या गांधीमार्गाच्या होत्या आणि वाड्याला हरिजनवाडा म्हणत. तो शब्द आपल्याला मान्य नव्हता, आजही नाही. स्वच्छतेच्या धड्याबद्दलही मला बोलायचे आहे. पोर मळके आहे ते सवयीमुळे की पाणी नाही म्हणून? महाडचा सत्याग्रह १९२७ चा, आणि चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयात आपल्या बाजूने सुटला तो १९३७ साली. म्हणजे बोर्डीच्या आधी जेमतेम आठ वर्षे. ज्या समाजाला पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले, त्याच्या पोरांना आंघोळ शिकवताना पाणवठ्याचा प्रश्नही विचारायला हवा होता. सेवेची भाषा हक्काच्या प्रश्नाला बगल देते, हा आपला जुना अनुभव आहे. ताराबाईंच्या वाटेची ही मर्यादा मानलीच पाहिजे. पण हेही मान्य करू या की वाड्यावरच्या तीन वर्षांच्या पोराला शिकायचा हक्क आहे, हे तेव्हा आपल्यापैकीही फार थोड्यांच्या डोक्यात होते.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथली मुले वारली आदिवासींची, आणि इथे अंगणही पुरेना. मुले गुरांमागे रानात जात. मग शिक्षिकाही रानात गेल्या. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरताहेत आणि पोरे झाडाखाली शिकताहेत. थोरली बहीण शाळेत यायची तर धाकट्याला कोण सांभाळणार, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तिला विकासवाडी नाव दिले. सराव करणाऱ्या मुलींना यातले सगळेच करावे लागे. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षे कोसबाड सांभाळले. त्यांचे निधन सप्टेंबर १९९२ मध्ये झाले.

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. सरकारने नाव घेतले, पण त्यामागचे कसून दिलेले प्रशिक्षण घेतले नाही. सेविकेला मानसेवी ठरवले, म्हणजे पगार नाही, मानधन. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात सांगितले की सेविकेचे पद हे शासकीय सेवेतले पद नाही. २०२२ साली त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. एवढ्यासाठी त्या बायांना केवढी पायपीट करावी लागली! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे आणि कमी शिकलेलीला वर्षाचे प्रशिक्षण सांगितले आहे, तेही दूरस्थ पद्धतीने, टीव्ही आणि मोबाइलवर. मोबाइलवर गाणे शिकता येईल. रडणारे पोर कडेवर कसे घ्यायचे, ते कसे शिकायचे?

आता कायद्याचे. घटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षण असे होते. खालची वयोमर्यादा नव्हती. घटना समितीत हे कलम प्राथमिक शिक्षणापुरते आखडावे, अशी सूचना नोव्हेंबर १९४८ मध्ये आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचे नसेल तर त्याला शिक्षणसंस्थेतच ठेवले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क ठरवले. तिथेही खालची मर्यादा नव्हती. मग २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती आली. हक्क सहा ते चौदा एवढाच ठेवला आणि सहाच्या आतल्या मुलांना पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांत ढकलले. मूलभूत हक्क मिळाला म्हणून आपण पेढे वाटले आणि तीन वर्षांचे पोर दाराबाहेर राहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही सहाच्या आतल्यांसाठी सरकार व्यवस्था करू शकते, एवढेच आहे. करावीच असे नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी नर्सरी घेतली. आपल्या वाट्याला मानधनावरची सेविका आणि खिचडी.

त्या दोघींच्या संस्थेचे माहितीपत्रक मी मागवून वाचले. सराव पाठ बालशिक्षण केंद्रात घ्यावेत, असे त्यात लिहिले आहे. अंगणवाडी वगळावी, असे कुठेही नाही. त्या आधारावर अर्ज करून दिला आहे. सोबत आमच्या अंगणवाडीच्या सेविकेचे पत्र जोडले, की तिच्याकडे ३१ मुले आहेत आणि शिकायला दोघी आल्या तर तिला हव्याच आहेत. संस्थेचे उत्तर अजून आलेले नाही. मुली मात्र थांबल्या नाहीत. सकाळी आठला अंगणवाडीत जातात, अकराला नर्सरीत. परवा त्यातली एक चिंचोके मागायला घरी आली होती.