मध्य फिन्सबरीचे सभासद दादाभाई नौरोजी

एकट्या माझ्या मताने काय होणार, असे म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसून राहणारी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. हिवरे बाजारच्या मुलांस तरी हे बोलणे पटू नये. पाण्याचा हिशेब कसा राखावा, अधिक पाणी पिणारी पिके घ्यावी की न घ्यावी, हे त्या गावाने ग्रामसभेत एकत्र बसून ठरविले आणि दुष्काळाने गांजलेले शिवार हिरवे केले. एकेका माणसाच्या संमतीचे मोल किती असते, हे ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते, त्या दादाभाई नौरोजी यांची ओळख आज करून घेऊ.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी पारशी धर्मोपदेशकांच्या एका गरीब कुळात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. माता माणेकबाई यांस शिक्षण मिळाले नव्हते. परंतु त्या कष्टाळू व दृढनिश्चयी होत्या. मुंबईतील ज्या शाळेत दादाभाई शिकले, तेथे फी द्यावी लागत नसे. लोकांच्या द्रव्याने आपण शिकलो, तेव्हा आपली विद्या लोकांच्याच कामी आली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून रुजला.

एल्फिन्स्टन विद्यालयातील त्यांची हुशारी पाहून सर अर्स्किन पेरी यांनी त्यांस विलायतेस पाठविण्याचा निम्मा खर्च देऊ केला. मुलगा तेथे ख्रिस्ती होईल, या भयाने पारशी पुढाऱ्यांनी संमती दिली नाही. दादाभाई खचले नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मराठी व पारशी मुलींकरिता शाळा काढल्या आणि वेतन न घेता तेथे शिकविले. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. त्या संस्थेत हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

१८५५ मध्ये ते व्यापारानिमित्त लंडनला गेले. हिंदुस्थानची संपत्ती दरवर्षी कशी बाहेर वाहून जाते, हे आकड्यांनी सिद्ध करण्यात त्यांनी पुढील आयुष्य वेचले. ज्या पार्लमेंटात आपल्या देशाचे कायदे होतात, तेथे आपला एकही माणूस नाही, ही गोष्ट त्यांस सलत होती. म्हणून १८८६ मध्ये ते लंडनच्या होबर्न मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि मोठ्या फरकाने पडले. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एका भाषणात या पराभवाचा उल्लेख करून दादाभाईंच्या वर्णाविषयी हीन उद्गार काढले. त्याचा परिणाम उलटाच झाला. न्यायप्रिय इंग्रजांस त्या बोलण्याची लाज वाटली व दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले.

त्याच वर्षी मध्य फिन्सबरी येथील लिबरल मंडळींनी त्यांस उमेदवार म्हणून निवडले. हा मतदारसंघ १८८५ साली निर्माण झाला होता. क्लार्कनवेलचा घड्याळे व दागिने घडविणाऱ्या कारागिरांचा भाग त्यात येई. प्रथम लिबरल पक्षाचे स्पेन्सली व १८८६ मध्ये कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे कॅप्टन पेन्टन तेथून निवडून आले होते. दादाभाईंच्या वाटेत स्वपक्षीयांनीच काटे पेरले. एका गटाने दुसरा उमेदवार पुढे केला. तथापि चार वर्षे ते सभा घेत व मतदारांस भेटत राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांस पाठिंबा दिला. अनेक स्त्रिया त्यांच्याकरिता झटल्या, आणि त्यांपैकी एकीसही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार नव्हता!

जुलै १८९२ मध्ये निकाल लागला. दोन्ही बाजूंस तीन हजारांच्या आसपास मते पडली होती, आणि दादाभाईंचे आधिक्य एका हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढेच होते. त्यांच्या आडनावावर कोटी करून लोक त्यांस ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हणू लागले. चार-पाच कारागीर त्या दिवशी घरी बसते, तर ती जागा पेन्टन यांच्याकडेच राहती.

सभागृहात त्यांनी आपल्या धर्मग्रंथास स्मरून शपथ घेतली. सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव २ जून १८९३ रोजी ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. त्यामागे दादाभाईंचे परिश्रम होते. सरकारने मात्र तो अमलात आणला नाही. अशी परीक्षा आपल्या देशात प्रथम झाली ती १९२२ मध्ये!

१८९५ च्या निवडणुकीत मध्य फिन्सबरीने दादाभाईंस नाकारले. तेव्हा त्यांचे सत्तरावे वर्ष चालू होते; पण काम थांबले नाही. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे ते सभासद होते. याच आयोगापुढे १८९७ मध्ये आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली. १९०६ मध्ये नॉर्थ लॅम्बेथ येथे दादाभाई पुन्हा पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, ८१ व्या वर्षी, कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. स्वराज्य हे राष्ट्राचे ध्येय होय, हे त्यांनी त्या व्यासपीठावरून सांगितले. ३० जून १९१७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी मध्य फिन्सबरी हा मतदारसंघही रद्द झाला. क्लार्कनवेलमधील एका रस्त्यास मात्र आजही नौरोजींचे नाव आहे.

पार्लमेंटच्या तीन निवडणुकांत हरलेला व एकीतच, तीही जेमतेम, जिंकलेला हा पुरुष भारताचा पितामह ठरला. त्यांची चिकाटी विद्यार्थ्यांनी घ्यावी. पालकांनी, विशेषतः मातांनी, फिन्सबरीच्या त्या स्त्रियांचे स्मरण ठेवावे. स्वतःस मत नसताना त्या दुसऱ्यासाठी दारोदार हिंडल्या. आपल्या संविधानाने स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत सर्वांस तो अधिकार सारखाच दिला आहे, आणि आज आपल्या शाळेत बसलेली मुले अठराव्या वर्षी मतदार होतील. त्या दिवशी आळसाने घरी बसण्यापूर्वी अथवा चार पैशांच्या मोहाने मत विकण्यापूर्वी, मध्य फिन्सबरीच्या त्या मूठभर मतांची आठवण त्यांस व्हावी, एवढीच इच्छा.