वीणेची तार आणि सोण स्थविर



दीक्षा घेतल्यानंतरचे पहिले वर्ष आठवून पहा. पहाटे उठून वंदना, संध्याकाळी विहार, उपोसथाला अष्टशील, रात्री उशिरापर्यंत ग्रंथवाचन. मग एके दिवशी शरीर थकते, मन कंटाळते आणि माणूस विहाराकडे फिरकेनासा होतो. आमच्या वस्तीत असे दोन-तीन तरुण मी पाहिले. लोक त्यांना कच्चे म्हणतात. मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण सोण कोळिविस या भिक्खूचे चरित्र आहे.

सुमारे २५०० वर्षांपूर्वीची गोष्ट. अंग देशाची राजधानी चंपा म्हणजे आजच्या बिहारमधील भागलपूरजवळचे नगर. तेथील एका श्रीमंत श्रेष्ठीचा सोण हा मुलगा. तो इतका नाजूक, की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते, असे विनयपिटकात सांगितले आहे. मगधचा राजा बिंबिसार याला ते पाय पाहायचे होते म्हणून त्याने सोणला राजगृहाला बोलावले. आईवडिलांनी निघताना बजावले, की राजासमोर पाय पसरू नकोस. मांडी घालून बस, म्हणजे त्याला तळवे आपोआप दिसतील. राजाने ते पाहिले आणि जमलेल्या ग्रामप्रमुखांबरोबर त्यालाही गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठविले. बाकीचे धम्म ऐकून, उपासक होऊन परतले. सोण मागे राहिला. संसारात राहून हा मार्ग पुरता आचरता येणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले आणि त्याने प्रव्रज्या मागितली.

भिक्खू होऊन तो राजगृहाजवळच्या शीतवनात राहू लागला. तेथे तो चंक्रमण करी, म्हणजे येरझारा घालीत ध्यान करी. किती करावे याला काही सुमार? ज्या पायांनी कधी कष्ट पाहिले नव्हते, ते पाय फुटले. चंक्रमणाची जागा रक्ताने इतकी भरली, की ती खाटकाच्या जागेसारखी दिसू लागली. एवढे करूनही चित्त काही मुक्त होईना. तेव्हा सोणच्या मनात आले, की घरी संपत्ती आहे, तिचा उपभोगही घेता येईल आणि दानपुण्यही करता येईल. मग परत का जाऊ नये?

वाचकहो, हा विचार आळशी माणसाच्या मनात आलेला नाही. संघातील सर्वांत कष्टाळू भिक्खूंपैकी एकाच्या मनात आला आहे. दोरी फार ताणली की ती तुटायला येते, तसेच हे झाले.

तथागत स्वतः त्याच्याकडे गेले. रागावले नाहीत, की आणखी जोर कर असेही म्हणाले नाहीत. घरी असताना तू वीणा चांगली वाजवीत होतास ना, एवढेच त्यांनी विचारले. मी शाळामास्तर आहे, म्हणून ही जागा मला फार आवडते. शिष्याला जे हातचे ठाऊक आहे तेथूनच त्यांनी धडा सुरू केला. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही, हे सोणने स्वतःच कबूल केले. मग तथागतांनी समजावले, की अति वीर्याने चित्त अस्वस्थ होते आणि अति शिथिलतेने आळस येतो. म्हणून वीर्याची समता राख. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा या पाचही इंद्रियांचा तोल साध. संघाच्या वर्षातही हीच लय दिसते: पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास, एरवी गावोगाव चारिका.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. तार उतरवून वीणा खुंटीला टांगून ठेव, असे तथागत म्हणाले नाहीत. सोणने साधना सोडली नाही; फक्त तिच्यातला हट्ट सोडला. पुढे ते अर्हत झाले. नंतर तथागतांपुढे त्यांनी अर्हताचे चित्त कसे असते ते सांगितले. अखंड खडकाच्या डोंगरावर चारही दिशांनी वादळ आले तरी तो हलत नाही, तसे ते असते. पण हे सांगताना मी असा झालो, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. अर्थ सांगितला आणि स्वतःला मध्ये आणले नाही, याचे तथागतांनी कौतुक केले. आणि ज्यांना जोर कमी करायला सांगितले होते, तेच सोण स्थविर पुढे वीर्यवंत भिक्खूंमध्ये अग्र ठरले!

त्याच वेळी तथागतांनी त्यांचे पाय पाहून त्यांना एका तळाचे पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. माझ्या आज्याला गावाच्या वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. म्हणून हा प्रसंग वाचताना मी दर वेळी थांबतो. सोण स्थविरांनी नम्रपणे नकार दिला. ऐंशी गाड्या सोने आणि हत्तींचा ताफा सोडून आलेला माणूस आता पादत्राणात अडकला, असे लोक म्हणतील, हे त्यांनी निवेदन केले. संघाला अनुज्ञा मिळाली तर मीही वापरीन, नाही तर नाही.

तेव्हा तथागतांनी साऱ्या भिक्खुसंघाला एका तळाच्या पादत्राणाची अनुज्ञा दिली.