स्वामी कुवलयानंद : योगाला मोजपट्टी लावणारे लोणावळ्याचे योगी आणि आपले वाढते वजन

लोणावळ्याला तुम्ही पावसाळ्यात गेला असाल. घाटातले धुके, भुशी धरणाची गर्दी, गरम भजी आणि परत येताना पिशवीत चिक्कीची दोन-तीन पाकिटे. याच गावात वळवणला ‘कैवल्यधाम’ आहे. वजन कमी करण्यासाठी, मधुमेहासाठी, दम्यासाठी अनेक जण तिथे जातात. ही संस्था सुरू करणाऱ्या माणसाची गोष्ट आज वाचा. वजन वाढलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना तिच्यातून काही घेता येईल.

अशक्त मुलांचा काळ

स्वामी कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातमधील डभोई येथे, एका साध्या मराठी कुटुंबात. ते संस्कृतमध्ये हुशार होते. मॅट्रिकला मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे १९०७ ते १९१० या काळात बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले. १९१६ ते १९२३ या काळात खानदेशात अमळनेरला त्यांनी शिकवले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले.

त्या काळातल्या शिक्षकासमोर बसणारी मुले कशी असतील याची कल्पना करा. प्लेग, दुष्काळ, मलेरिया आणि अर्धपोटी जेवण. समाजाची काळजी होती ती मुलांच्या अंगावर मांस कसे चढेल याची. अंगाने भरलेला माणूस म्हणजे सुखवस्तू माणूस, ही समजूत तेव्हाची आहे. आपल्या घरातली आजी आजही नातवाला ‘किती वाळलास’ म्हणून आणखी एक पोळी वाढते, तिचे मूळ तिथे आहे.

आज चित्र उलटे झाले आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. त्याआधीच्या सर्वेक्षणात, म्हणजे २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ आणि १९ टक्के होते. इतक्या थोड्या वर्षांत लाखो माणसे एकदम आळशी किंवा खादाड झाली, असे होत नाही. आपल्या भोवतालची परिस्थिती बदलली आहे. त्यामुळे तुमचे वजन वाढले असेल तर स्वतःला दोष देत बसू नका आणि घरच्यांनीही टोमणे मारू नयेत.

क्ष-किरणासमोर योगी

१९१९ मध्ये गुणे यांना नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास हे गुरू भेटले. त्यांच्याकडे ते योग शिकले. योगाचा शरीरावर परिणाम होतो हे त्यांना स्वतः जाणवले. पण ‘जाणवले’ एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. परिणाम होतो तो नेमका कुठे, कसा आणि किती, हे त्यांना पाहायचे होते.

बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचा क्ष-किरणांच्या मदतीने अभ्यास केला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना झाली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. त्यात आसने, प्राणायाम यांच्या माहितीबरोबर प्रयोगांची निरीक्षणे छापली जात. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले.

प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो, असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. कुवलयानंदांनी श्वासातील वायूंचे मोजमाप केले. ऑक्सिजन फारसा वाढत नाही, प्राणायामाचा उपयोग वेगळ्या कारणांनी आहे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. ज्या विद्येला आयुष्य वाहिले, तिच्याबद्दलचा आवडता समज मोजमापात टिकला नाही, तेव्हा तो त्यांनी सोडून दिला.

हीच सवय वजनाच्या बाबतीत तुम्हाला उपयोगी पडेल. ‘रोज दहा मिनिटे कपालभाती करा, पोट सपाट’ असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कपालभातीत पोटाचे स्नायू हलतात. पण स्नायू हलले म्हणून त्यांच्यावरची किंवा आतल्या अवयवांभोवतीची चरबी तेवढ्याच जागी वितळत नाही. चरबी पूर्ण शरीरातून कमी होते आणि त्यासाठी खाल्लेल्या ऊर्जेपेक्षा खर्च झालेली ऊर्जा बरेच दिवस जास्त राहावी लागते. बहुतेक आसनांत होणारा ऊर्जेचा खर्च भरभर चालण्यापेक्षा कमी असतो.

मग आसनांचा उपयोग काय? सांधे मोकळे होतात, पाठ-कंबर साथ देऊ लागते, झोप सुधारते, मनावरचा ताण उतरतो आणि ताणापोटी होणारे खाणे आटोक्यात येते. वजन कमी करण्याच्या प्रयत्नात हे सगळे मदत करते. पण एकटी आसने पुरत नाहीत.

व्यायाम सगळ्यांसाठी

कुवलयानंद आश्रमात बसून राहिले नाहीत. तत्कालीन मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. शाळेत एकत्र करता येईल अशा सामूहिक यौगिक व्यायामाची रचना केली. १९२७ मध्ये आजारी असलेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला होता. मुंबईत चौपाटीजवळ १९३६ पासून त्यांचे आरोग्यकेंद्र सुरू झाले. आरोग्याची सोय माणसाच्या रोजच्या वाटेवर हवी, हा त्यांच्या कामाचा कल होता.

आज त्यांच्याच मावळात पाहा. पूर्वी भातलावणीला अख्खे घर दिवसभर चिखलात वाकून राबत असे. शाळा, बाजार, स्टेशन सगळे पायी. तेव्हा ताटभर भात पचून जाई. आज त्याच घरातला मुलगा तळेगावच्या कंपनीत पाळीत काम करतो. दारात कंपनीची बस येते, गावात मोटरसायकल आहे, रात्रपाळीमुळे झोप अर्धी होते. झोप कमी झाली की भूक वाढवणारी रसायने शरीरात वाढतात आणि गोड-तळलेले खावेसे वाटते. इंद्रायणी तांदूळ तोच, ताटही तेवढेच. कष्ट मात्र उरले नाहीत.

खाण्याचाही हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम शेंगदाणा चिक्कीत सुमारे ५०० कॅलरी असतात. २५ ग्रॅमचा एक तुकडा म्हणजे सुमारे १२५. तेवढ्या खर्च करायला बहुतेकांना साधारण अर्धा तास भरभर चालावे लागते. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घेतली, तर फक्त साखरेच्याच सुमारे १६० कॅलरी झाल्या. चिक्की विष नाही. सहलीत एक तुकडा खा, पाकीट घरात उघडे ठेवू नका.

उपचाराची तीन अंगे

१९६३ मध्ये कुवलयानंद आणि डॉ. विनेकर यांनी यौगिक उपचारांवर लिहिलेले पुस्तक केंद्र सरकारने प्रकाशित केले. त्यात उपचाराची तीन अंगे सांगितली आहेत : मनाची योग्य वृत्ती, ताण सोसता यावा यासाठी शरीराची नव्याने घडण, आणि योग्य आहार व मलविसर्जन. लठ्ठपणासाठी आजच्या वैद्यकाच्या आधारे ही अंगे अशी वापरता येतील.

*मन :* एका महिन्यात दहा किलो उतरवण्याचा ध्यास सोडा. सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के घट हे चांगले ध्येय आहे. ८० किलोच्या व्यक्तीला म्हणजे ४ ते ८ किलो. एवढ्यानेही रक्तातील साखर, रक्तदाब आणि गुडघ्यांना आराम मिळतो.

*शरीर :* आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, असा वेग ठेवा. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करा. आसने याच्या जोडीला.

*आहार :* अर्धे ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे, पाव ताट भात किंवा भाकरी. एका व्यक्तीसाठी वेगळे ‘डाएट’ शिजवू नका, सगळ्या घराने हेच जेवावे.

आणि कुवलयानंदांप्रमाणे मोजा. बेंबीच्या पातळीवर टेप लावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर धोक्याचा. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. आठवड्यातून एकदा वजन, महिन्यातून एकदा कंबर, वहीत लिहून ठेवा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- थोड्या काळात कारण नसताना वजन वाढले, थकवा आहे, पाळी अनियमित आहे
- झोपेत जोरात घोरता, दिवसा डुलक्या येतात
- चालताना धाप लागते, छातीत दुखते
- स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची औषधे सुरू आहेत
- प्रामाणिक प्रयत्न करूनही सहा महिन्यांत फरक नाही

थायरॉइड, पीसीओएस किंवा औषधांमुळेही वजन वाढते. काही जणांना औषधे किंवा शस्त्रक्रिया लागते, त्यात कमीपणा नाही.

एक सावधगिरी. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटातील अल्सर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर कपालभाती, उड्डियान, नौली करू नका. व्हिडिओ पाहून तर नाहीच. योग सुरू केला म्हणून मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्याआधी लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय आणि रुग्णालय उभे राहिले होते. पुढच्या वेळी तुम्ही लोणावळ्याला जाल तेव्हा गाडी थोडी लांब लावा, घरच्यांना घेऊन तासभर चाला आणि मग चिक्कीच्या दुकानात जा. घरी आल्यावर मोजपट्टी शोधा. आजचा आकडा तारखेसह लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती वही दाखवा.